हवेला वजन ते केवढं

३ तारीख, सकाळी आठ
मामंजी मोरीत घसरले त्याला आज महिना झाला. पुन्हा पडले तर काठीवरही उभे राहणार नाहीत, म्हणाले डॉक्टर. दाराशी पाणी साचतं म्हणून हे झालं. फरशी नवी बसवायची, उतार नेमका जाळीकडे. जातीने उभी राहणार. मॅट्रिकला सायन्समध्ये एकसष्ट मार्क उगाच नाही पडले.

दुपारी
गवंड्याने लेव्हलची नळी आणली. प्लॅस्टिकच्या नळीत पाणी. एक टोक दाराशी, एक जाळीशी. जिथे पाणी ठरेल तिथे भिंतीवर खूण. दोन्ही खुणा एका पातळीत. त्या धरून जाळीकडची फरशी एक बोट खाली घ्यायची.
जाळीकडच्या टोकात दोन बोटं हवा अडकलेली. तो म्हणे, ओतून पुन्हा भरू. अर्धी बादली पाणी वाया? देवाला जाब कोण देणार? म्हटलं, हवेला वजन ते केवढं, बुडबुड्याने काय होतंय.
"वजन नाही म्हणूनच तर, वहिनी. भार कमी पडला की तिकडचं पाणी वर चढून बसतं. खूण खोटी पडेल."
देवाने दिलेलं पाणी खोटं बोलत नाही, असं ऐकवलं. खुणा मीच केल्या.

६ तारीख
फरशी बसली. पहिली बादली ओताल तेव्हा दार लावून घ्या, असं जाताना सांगून गेला. उद्धट. नळीही इथेच विसरला.

९ तारीख
देवाचं नाव घेऊन बादली ओतली. पाणी जरा घोटाळलं, मग दाराकडे निघालं. जुनी सवय, एका दिवसात कशी सुटेल? वायपरने जाळीकडे लोटलं. परत आलं. हट्टी आहे. मीही आहे.

१० तारीख
पाणी मामंजींच्या उंबऱ्याला. खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, मला चालायला नको म्हणून मोरीच इकडे आणलीस होय?"
जाळीची जागाच चुकली आहे, असं सांगितलं.

११ तारीख, दुपारी
घरात सगळे झोपलेले. नळी काढली, सहज. आत पाणी आणि बुडबुडा तसेच होते; दोन्ही टोकं आपापल्या खुणेशी बांधली. टिचक्या मारून बुडबुडा वर घालवला. जाळीकडचं पाणी माझ्या खुणेखाली बरोबर दोन बोटं उतरलं आणि गप्प उभं राहिलं.
खूण ओल्या फडक्याने पुसून टाकली.

१२ तारीख
मामंजींना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून आंघोळ घातली. तिथे ऊन चांगलं येतं, म्हटलं. ते हो म्हणाले.
गवंड्याला निरोप धाडला आहे. फक्त नळी घेऊन जायला. दोन बादल्या पाणी भरून ठेवलं आहे. असू दे.