घरात न बोलायची वाक्यं

६ जानेवारी
मालूच्या परीक्षेची तारीख आली. सत्तावीस. मागच्या वेळी वाचणं, लिहिणं, ऐकणं सगळ्यात पास, बोलण्यात थोडक्यात राहिली. आयर्लंडचं हॉस्पिटल तिच्यासाठी अजून थांबलंय म्हणे. तिची अडचण एकच. वाक्य 'इफ'नं सुरू झालं की बाईसाहेबांची गाडी बंद पडते. एरवी नर्सिंग होममध्ये डॉक्टरांशीसुद्धा फाडफाड इंग्रजी.

म्हटलं, मी शिकवते. शाळेत नववी-दहावीच्या मुलींना तेच करते, घरी नणंदेला करायला काय जातंय.

मागच्या दारी बसलो तिघी. मी, मालू आणि आई, म्हणजे सासूबाई. मधे पातेलंभर भिजवलेली अवरेकाई, म्हणजे इथले पावटे. दाबली की दाणा सालीतून टुणकन बाहेर. आईंना दर वाक्याचा अर्थ मराठीत हवा.
"पाऊस पडला तर आम्ही घरी थांबू." पास.
दुसरं वाक्य मालूनं स्वतःच केलं. इफ ही डझन्ट टेक द मेडिसिन, ही विल डाय. अर्थ सांगितला मात्र, आईंच्या बोटातला दाणा उडून तुळशीत.
"अय्यो! घरात बसून असलं बोलतात? वास्तू ऐकत असते. कधी तथास्तु म्हणेल सांगता येतं?"
सराव तिथंच संपला. अवरेकाई मात्र सोलून झाली.

७ जानेवारी
आईंचा नियम ठरला. इफ चालेल, पण चांगला. आजारी माणूस वाक्याच्या शेवटी बरा होऊन घरी गेलाच पाहिजे.

सकाळभर आमच्या घरात एकही रोगी दगावला नाही. ताप उतरले, टाके सुकले, एका आजोबांना तर मालूनं चालत चामुंडीचा डोंगर चढायला लावला. ह्यांनी हुणसूरच्या बसला निघता निघता भर घातली, "इफ द बस केम ऑन टाइम, आय वुड बी अ हॅपी मॅन." आईंनी अर्थ विचारला, म्हणाल्या, हे बोल, रोज बोल.

मालू स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "वहिनी, परीक्षक विचारेल, पेशंट पलंगावरून पडला तर काय कराल. सांगू काय, आमच्यात पडत नाहीत?"

१० जानेवारी
उपाय सापडला. पार्क. आमच्या विजयनगर भागात कोपऱ्याकोपऱ्यावर पार्क आहेत, त्यांचा हा उपयोग कुणाच्या मनात आला नसेल. मालूची दुपारपाळी असली की सकाळी तासभर. वास्तू घरी, आम्ही बाकावर. आईंना सांगितलं, फिरायला जातो.

मालूला मोकळं रान मिळालं. माणसं पडली, रक्त वाहिलं, ऑक्सिजन संपला. इफ ही हॅड कम अर्लियर, ही वुड हॅव लिव्ह्ड. इफ वुई हॅड नोन... शेजारच्या बाकावर पेपर वाचणारे एक आजोबा होते. पेपर घडी केला, उठून आमच्यापुढे येऊन उभे. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी.
"यारिगम्मा एनायतु?" कोणाला काय झालं गं बाई?
मालूला हसू आवरेना. त्यांना ते रडणं वाटलं. म्हणाले, धीर धर, सगळ्यांच्याच घरी होतं.
खरं काय ते मी सांगितलं. मग तेही हसले, पण जरा निराश झाल्यासारखे.

१५ जानेवारी
संक्रांत. आई सकाळपासून एळ्ळु-बेल्लच्या पुड्या घेऊन शेजारीपाजारी. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, वर उसाचं कांडं. बजावून गेल्या, "सगळ्यांची तोंडं गोड केलीत. आज इफ बंद."

सणाचा दिवस, तरी मालूला दुपारपाळी. आणि दुपारपाळी म्हणजे आईंचं ते जुनंच. मालू आल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. ती नर्स झाली तेव्हापासूनचा नेम. त्या वेळी आईंना साखरेचं दुखणं नव्हतं. आता आहे, गोळी आहे, गोळीनंतर वेळेवर खायला हवं. मालू ओरडते, मी ओरडते. "सुम्ने, गप्प बसा गं, माझं पोट मला ठाऊक आहे."

आज दिवा लावून वळल्या आणि हात थरथरायला लागले. घामानं ब्लाउज ओला. मी पुडीतला गूळच तोंडात भरला. थोड्या वेळानं ठीक. पहिलं वाक्य, "मालूला सांगू नको."
मी सांगितलं नाही. ती आली, चपला काढायच्या आधी आईंच्या कपाळाला हात लावला, आणि न सांगता कळलं.
मालूनं आधी आईंचं ताट वाढलं. सणाचा स्वयंपाक, पोळी चांगली झाली होती.

१७ जानेवारी
पार्क. आज मालू पुस्तक उघडेना. हातातलं पान दुमडत, उलगडत. मग सावकाश म्हणाली,
"इफ आय गो, आई विल नॉट ईट."
मी म्हणाले, "करेक्ट."
तोंडातून निघूनच गेलं. वीस वर्षं मास्तरकी केली की असं होतं. नंतर इतकं वाईट वाटलं.
"वहिनी, मी मुद्दाम अडखळले तर कुणाला कळणार नाही. मागच्या वेळीसारखं थोडक्यात राहीन. सगळे म्हणतील, बिचारीचा इफच कच्चा."
शेजारच्या बाकावर ते पेपरवाले आजोबा होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

अडतीस वर्षांची आहे. लग्न नको म्हणाली, ते तिचं तिनं ठरवलं. हेही तिचं तिनं ठरवावं असं मला वाटतं. पण आईंच्या त्या थरथरत्या हातांकडे पाहिलेली मीही आहेच. कोणाच्या बाजूनं लिहू.

२० जानेवारी
आई लसूण सोलत होत्या. माझ्याकडे न बघता, "तुम्ही फिरायला जाता ते पुस्तक घेऊन कसलं फिरणं?"
खोटं बोलवेना. "घरात नको ती वाक्यं तिथं बोलतो."
"वाईट वाईट?"
"हो."
"मालू काय बोलते?"
मी सालं गोळा करायला घेतली. त्यांनी सोललेली पाकळी पुन्हा सोलायला घेतली.

२१ जानेवारी
हे नीट लिहून ठेवायला हवं.

पार्कात बसलो होतो. मालू म्हणाली, "वहिनी, बघ." फाटकातून आई येत होत्या. लग्नाकार्याची मोरपंखी साडी, पर्स, डोक्यात हातभर मोगरा. दोनच गल्ल्या यायच्या, पण आल्या अशा की जणू बंगळुरूला निघाल्यात. आमच्या दोघींच्या मधे जागा करून बसल्या. वर पाहिलं, डावीउजवीकडे पाहिलं.
"इथं वास्तू नाही ना?"
"नाही, आई. झाडं आहेत."
"झाडांचं चालतं." पदर सारखा केला, आणि मालूला, अगदी बाजाराची पिशवी घे म्हणावं तशा सुरात, "तू तिकडं असताना मी गेले तर धावत यायचं नाही. दादा आहे, वहिनी आहे. तू आल्यावर मी काय उठून बोलणार आहे तुझ्याशी?"
"आई!"
"घरात बोलत्ये का? इथं बोलत्ये. बोलू दे."
मालू रडत होती आणि नाक पुसत हसतही होती. मग तिनं विचारलं, इतके दिवस जे विचारत नव्हती ते. "आणि मी गेले, आणि तू जेवली नाहीस तर?"
"ते बघू."
"बघू नाही. पूर्ण वाक्य हवं. वहिनी, सांग तिला."
मी शाळेतल्यासारखी मान हलवली. हो, पूर्ण वाक्य.
आई उठल्याच. "ते घरी सांगते. चांगलं वाक्य बाहेर वाया कशाला घालवायचं?"
आजोबांनी उठून त्यांना नमस्कार केला. आईंनीही केला. ओळख ना पाळख.

२२ जानेवारी
मालूला आज सकाळपाळी, संध्याकाळी घरी. तिन्हीसांजेच्या आधी आईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. अमुक इंग्रजीत कसं म्हणतात. विचारलं, इंग्रजीत कशाला? "तिला तिकडं इंग्रजीच ऐकायचंय ना."
दिवा लावला, हात जोडले, देवाकडे तोंड करून खणखणीत,
"इफ मालू गो, आय ईट."
मी दुरुस्त केलं नाही.
मालू मागून म्हणाली, "आठ वाजता? गोळीनंतर?"
"सुम्ने गं! वेळ वाक्यात नव्हती."
ह्यांना बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं. म्हणाले, आई इंग्रजीत बोलली म्हणजे मागं घेता येणार नाही, तिला मराठीतून मागं घ्यायची सवय आहे.

२७ जानेवारी
परीक्षा झाली. मालू संध्याकाळी आली, चेहऱ्यावरून काही कळेना. पेशंट पडला का? नाही म्हणे, कोणी पडलंच नाही. एवढं रक्त सांडलं ते सगळं फुकट. तिला विचारलं होतं, तुम्ही परदेशी गेलात तर घरात काय बदलेल?
"मग?"
"सांगितलं, इफ आय गो, माय मदर विल ईट ऑन टाइम."
"अडखळलीस?"
"नाही." शूज काढत म्हणाली, "वाक्य बरोबर होतं. खरं की खोटं, ते आता आईवर."
आई आत भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता.

३ फेब्रुवारी
निकाल अजून नाही.

मालूला दुपारपाळी. गोळी घेऊन झाल्यावर आई मला न सांगता पाट मांडून बसल्या. "वाढ." मी वाढलं. चपाती, अवरेकाईचं सारू, भात. ताटाकडे पाहत राहिल्या, अनोळखी गावात उतरल्यासारख्या. एक घास घेतला, दाराकडे पाहिलं. दुसरा. पुन्हा दार. अर्धी चपाती गेली. मग ताट सरकवलं, वर झाकण घातलं. "आयतु, झालं. आजच्यापुरतं बास."

मालू आली, झाकण उचललं.
"हे काय?"
"सराव."
मालूनं ती उरलेली अर्धी उचलली, तशी तिच्या हातावर चापट. "ती माझी. तुझी डब्यात आहे." मग दोघी शेजारी शेजारी जेवल्या. मालू आज जरा जास्त जेवली.

मागचं आवरताना मी आईंना सहज विचारलं, उद्या पुन्हा दुपारपाळी आहे, उद्या पूर्ण जेवाल का?
त्यांनी छताकडे पाहिलं, माझा हात दाबला.
"हळू बोल. वास्तूनं ऐकलं तर तथास्तु म्हणून बसेल."