अर्धं जायफळ

पाळी, गोवा, सोमवार, ८ फेब्रुवारी १९८८

आठवडाभर ह्यांना झोप नव्हती, म्हणून काल सासूबाईंनी सांगितलं तसं जायफळ उगाळून दुधातून दिलं. चिमूटभर, असं त्या म्हणाल्या होत्या. लवकर गुण यावा म्हणून मी अर्धं जायफळ उगाळलं.

हे खाणीवर ट्रक चालवतात. सकाळी डोळे उघडत नव्हते, तरी गेले. दुपारीच परत आले, चेहरा पांढरा पडलेला.

"उतारार डोळो लागलो. मागच्यान हॉर्न मारलो म्हणून जाग आयली, तर समोर शाळेची पोरां. ब्रेक मारलो म्हणून वाचली."

अर्धं जायफळ! मी काय केलं हे?

"म्हातारपण आयलां. आता ट्रक सोडतां," म्हणाले. तेव्हा मात्र राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सासूबाईंच्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आयेक सांगू नको."