पिन बसली म्हणून

ती. दादास, रागावलेल्या धाकटीचा नमस्कार.

मी इथे बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. पण माझा घरी राहिलेला लॅपटॉपचा अडॅप्टर म्हणून तू जो पाठवलास, त्याची पिन चपखल बसली, तरी लॅपटॉप ढिम्म! शेवटी त्याच्या पाठीवरचे आकडे वाचले. लॅपटॉपला एकोणीस व्होल्ट लागतात, हा नऊचा. अरे, हा आईच्या रेडिओचा!

म्हणजे माझा एकोणीसचा तू रेडिओला जोडून ठेवलास आणि रेडिओच जळाला. 'पिन बसतेय ना, मग चालतंय' हे तुझं नेहमीचं पालुपद!

आई मात्र मला लिहिते, "रेडिओ माझ्याच हातून बिघडला गं. दादा खूप ओरडला." तिचा गुडघा कसा आहे?

नवा रेडिओ मी पाठवतेय. तो तिच्या हातात देण्याआधी तिची माफी माग.

तुझीच, तरीही,
धाकटी