साध्या हवेचा आकडा

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
नमस्कार कागदावरचा आहे, मनातला नाही. तुम्ही संशोधनवाले मला खुळा समजता काय गं? शिडीवरून पडून मणका दुखावला, डोकं शाबूत आहे. दोन आठवडे रोज सकाळी मास्क चढवून पडतोय. मिनिटभर कमी ऑक्सिजनची हवा, मिनिटभर साधी, अशा पंधरा फेऱ्या, मग तासभर बोटांचे व्यायाम. त्यानं मज्जारज्जूतल्या उरल्यासुरल्या वाटा जाग्या होतील, असं तूच सांगितलंस ना? मग त्या मोजायच्या यंत्राचा पडदा भिंतीकडे का फिरवलेला?

वीस वर्षं वायरमनचं काम केलं, टेस्टर लावल्याशिवाय तारेला कधी हात लावला नाही. आईचं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र पिशवीत होतं, ते चादरीखाली लावलं. तीन दिवस बघितलं. पंधराही फेऱ्यांत ९८! ऑक्सिजन कमी दिला असता तर आकडा नको खाली यायला?

म्हणजे मला नुसती खिडकीतली हवा देताय. शर्टाचं बटण लावता येईना म्हणून इथे आलो, आणि सख्ख्या बहिणीनं तोंडाला पानं पुसली. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना खरी, कमी ऑक्सिजनची, मिळत असेल. त्यांची बहीण तुमच्या ऑफिसात नाही ना!

लोभ असावा असं लिहायची इच्छा नाही, पण सवय जात नाही.
तुझा धाकटा

७ मार्च
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. आणि एक कानाखाली, ती भेटल्यावर.
अरे गाढवा, कोणाच्या मास्कमध्ये काय आहे, हे मलाही कळू देत नाहीत. तू भाऊ म्हणून तुझी फाईल उघडायलाही मला बंदी आहे. साधी हवा कशाला देतात, तर ऐक. तुझं पहिलं पत्र चार ओळींचं होतं, त्याला चार दिवस लागले. परवाच्या शिव्या दोन पानं भरून आहेत. तुझ्या ९८ वरून बघता, हे साध्या हवेवर! मग उद्या कोणी खऱ्या हवेवर सुधारला, तर श्रेय हवेचं की व्यायामाचं, हे ठरवायचं कसं?

तू कागदावर अंगठा उठवलास त्याआधी मी सगळं वाचून दाखवलं होतं. तू नर्सची थट्टा करत बसलास. प्रत्येकाला दोन्ही हवा मिळणार होत्या, एकामागून एक. तुझी पहिली पाळी साधी निघाली, म्हणजे सोमवारपासून खरी सुरू झाली असती! पण आपल्याला कोणती मिळतेय हे ज्याला कळलं, तो अभ्यासातून बाद.

तुझं पत्र फाडून टाकावं असं मनात आलं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. शंभर माणसं या निकालाकडे डोळे लावून बसली आहेत, त्यात खोटा आकडा मी जाऊ देणार नाही, भावाचा असला तरी. पाय अजून नीट उचलत नाहीत तुझे, आणि त्यांच्यावरच धोंडा पाडून घेतलास! संताप संताप होतोय माझा, आणि रडूही थांबत नाही.

व्यायाम सोडलास तर गाठ माझ्याशी आहे.
तुझी ताई

१६ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं, नाव कमी केलं. व्यायाम चालू ठेव म्हणाले, मास्क मात्र नाही. सोमवारी मास्तरांच्या तोंडावर तो चढताना बघितला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. फाडलं असतंस तर कोणाला कळणार होतं? मला कळलं असतं, ते खरं. तार जळालेली असताना ‘काम झालं’ म्हणून निघून जाणाऱ्यांना मीच जन्मभर शिव्या घातल्या.

मास्तर काल हळूच यंत्र मागत होते. दिलं नाही. ते आईला परत द्यायला तुझ्याकडे पाठवतोय.

लोभाचं पुढे बघू.
तुझा, बाद झालेला, धाकटा

ता. क. यंत्राच्या खोक्याला सुतळीच्या दोन गाठी आहेत. दोन्ही मी मारल्यात, अख्खी सकाळ गेली. कात्री लावलीस तर याद राख. बोटांनी सोड.