डोनाटो म्हणजे काय

दुबई सिलिकॉन ओएसिस

प्रिय बाबा,

तुमचा नातू आज घरी आला. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. वेळेआधी जन्मला, एवढासा जीव. नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवला होता. आता नळ्या गेल्या. दूध नीट ओढतो, आणि रडला की शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातं. डॉक्टर हसून म्हणाले, "खलास! यल्ला, घरी न्या." अरबीत खलास म्हणजे झालं, आणि यल्ला म्हणजे चला. मी लिफ्टमध्येच रडून घेतलं.

नाव फ्रँकच्या मनात पहिल्यापासून होतं, डोनाटो. वसईच्या त्याच्या आजोबांचं नाव. फार वाट पाहायला लावून ते झाले, तेव्हा गावातल्या इटालियन पाद्रींनी ठेवलेलं. मी मात्र अडून बसले. शाळेत पोरं 'डोनट' म्हणून चिडवतील, आईच्या तोंडात बसणार नाही. आणि तुम्ही तर आमच्या लग्नालाही आला नव्हतात. त्यात असलं परकं नाव कसं कळवायचं? पेटीवर नुसतंच 'बेबी ऑफ आभा' राहिलं.

एका दुपारी तिथल्या नर्सने, नबिलाने, अर्थ विचारला. फ्रँक म्हणाला, "गॉडने दिया हुआ." लॅटिनमधल्या 'डोनातुस'वरून आलेलं नाव. रोमन काळातले ख्रिस्ती लोक देवाची देणगी म्हणून मुलांना हे नाव ठेवायचे. पुढे त्या नावाचे एक बिशप संत झाले आणि ते इटलीभर पसरलं. नबिला म्हणाली, "हमारे यहाँ अताउल्ला. वही बात है." आणि मी उठून बाहेर गेले, बाबा. दिलेला म्हणजे दत्त! संस्कृतातला 'दा', म्हणजे देणे, आणि ज्यातून 'डोनातुस' आला तो लॅटिन धातू, दोन्ही एकाच मुळाचे. फ्रँकचे आजोबा डोनाटो, माझे बाबा दत्तप्रसाद. परत आत जाऊन मी नबिलाला म्हटलं, नाव लिहा.

परवा तुम्ही फ्रँकला फोन केलात. लग्नानंतर पहिल्यांदाच. बाळाची तब्येत विचारलीत, मग नाव, मग अर्थ. तो इतका गडबडला की "इटालियन आहे" एवढंच बोलला, आणि तुम्ही फोन ठेवलात. बाबा चिडले म्हणून तो धड जेवलासुद्धा नाही. मी त्याला समजावलं, बाबांचा आवाज भरून आला की ते असाच फोन ठेवतात. मी फोनवर अर्थ सांगितला असता तर पुन्हा तेच केलं असतंत, म्हणून हे पत्र. उत्तर लिहीत बसू नका. तुमच्या दोघांच्या पासपोर्टची कॉपी पाठवा. व्हिसाचं फ्रँक बघतोय.

तुमचीच,
आभा