चोचीचा खेळ

४ तारीख, मंगळवार

प्रिय कात्रीबाई,

मुलं तुला याच नावानं हाक मारायची, म्हणून मीही मारते. तुझं खरं नाव लिहायला घेतलं की पत्र कचेरीतलं वाटायला लागतं. बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो? तुमच्या शाखेत बालविभाग वरच्या मजल्यावर आहे असं ऐकलं. रोज जिने चढतेस की मुलांनाच खाली बोलावतेस?

इकडे सगळं ठीक. शिपाईकाका अजून पंख्याखाली पेपर वाचतात आणि कुणी जरा खोकलं की ‘शांतता!’ असं एवढ्या मोठ्यानं ओरडतात की सगळं वाचनालय दचकतं. घरी हे बरे आहेत. मुलगा आता चौथीत. तोही बरा आहे. उंची वाढलीय.

लिहायचं कारण, ते पत्रक तुमच्याकडेही पोचलं असणार. ‘चोचीचा खेळ: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, गोष्टीनंतर, सर्व शाखांनी घ्यावा.’ मोठ्या मॅडमनी काढलंय. त्यावरचा फोटो आमच्या गुरुवारच्या मुलांचा आहे आणि खेळ मी शोधलेला. वाचून तू कपाळावर हात मारला असशील. दोरी तोंडात! मणी मोठे आहेत गं, लाकडी, लिंबाएवढे. गिळायची भीती नाही. तेवढं मी बघितलंय.

तू गेल्यापासून गोष्टही मीच सांगते आणि नंतरचं हातकामही मीच घेते. मणी ओवणं, कागद फाडणं, पुठ्ठ्याच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावणं, सगळं तुझंच, तुझ्याच डब्यांतून काढलेलं. तीन महिन्यांपूर्वी एक मुलगी यायला लागली. साडेतीन वर्षांची. आई नोकरी करते, म्हणून आजी आणते. पहिल्याच गुरुवारी मी ओवायला दिलं होतं. बाकीची मुलं एका हातात दोरी, एका हातात मणी घेऊन झटापट करत होती. या मुलीनं दोरीचं टोक जरासं बाहेर ठेवून दातात धरलं, उजव्या हातानं मणी त्यावर चढवला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी टाळ्याच वाजवल्या. ‘अगदी चिमणी काडी धरते तशी!’ तेव्हापासून ती चिमणी.

पुढच्या गुरुवारी मी घरटं बांधणाऱ्या पाखराची गोष्ट घेतली आणि चौदाच्या चौदा मुलांना चोची केल्या. दोरी दातात, एक हात पाठीमागे. तो मिटलेला पंख. लाळ काय, हसणं काय, नुसता दंगा. नेमक्या मॅडम आल्या, त्यांनी फोटो काढला आणि पुढचं तुला माहीतच आहे.

आता मला काहीच कळेनासं झालंय.

तीन आठवड्यांपूर्वी कागद फाडायला दिले, तर चिमणीनं कागदही दातानंच फाडला. चिमटे लावायचे तर पुठ्ठा मांडीखाली दाबून ठेवला. लावायला मात्र सगळ्यांत पहिली! वाटीतले कापसाचे बोळे उचलायचे होते, तेव्हा वाटी पोटाशी धरली, कोपरानं. आणि डावा हात मुठीत होता, अंगठा आत. म्हणजे तसा दिसला असं वाटलं. मग गेल्या गुरुवारी खेळायची माती दिली, तर तिनं दोन्ही हातांनी थापली. डावा हात उघडला होता की मुठीनंच थापली? आठवत नाही, कारण तेवढ्यात एकानं मातीचा गोळा तोंडात घातला आणि मी त्याच्या मागे धावले.

आजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘डाव्या हाताला काही लागलंय का हिच्या?’

‘छे हो! लाडावलीय. घरी भरवून घेते, मोजे घालून घेते. आणि एका हातानं काय होत नाही? माझा मुलगा बघा, एका हातात कायम फोन. काही अडतंय त्याचं?’

मी हसले. रस्ताभर वाटत राहिलं, आजींचंच खरं असेल. फाटक उघडताना वाटलं, नसेल तर? आणि जेवताना वाटलं की मला हे सगळं वेगळ्याच कारणानं दिसतंय.

तू काय बघायचीस गं? मुलांसमोर चटईवर पालथी पडून, हनुवटी हातावर टेकून तू तासभर काय बघत असायचीस? मला वाटायचं, कामचुकारपणा करतेस. आणि दिसलंच काही, तर ते कुणाला सांगायचं, कसल्या शब्दांत? सांगितलं आणि खोटं निघालं तर? नाही सांगितलं आणि खरं निघालं तर? दोन महिन्यांनी ती शाळेत जाईल. तिथं चाळीस मुलांत तिच्या हाताकडे कोण बघणार आहे?

तुला विचारायचा हक्क मला नाही. का नाही, ते आत्ता नको.

तुझी
गोष्टवाली

ता. क. मुलाबद्दल मघाशी नीट लिहिलं नाही. त्याला लिहायला फार त्रास होतो. हातांचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत, आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जातो. दोन वर्षं झाली.


२७ तारीख, गुरुवार

प्रिय कात्रीबाई,

तुझं कार्ड लगेच मिळालं. चारच ओळी, पण मी ते पर्समध्ये घेऊन फिरतेय. ‘गोष्ट दुसऱ्या कुणाला वाचायला दे. तू नुसती बस आणि बघ. दिसलं तर आईला सांग, आजीला नको. मुलाचं वाचून जीव हळहळला, पण तू आहेस ना त्याच्याबरोबर.’

ती शेवटची ओळ तू लिहायला नको होती.

तू सांगितलंस तसं केलं. गोष्ट वाचायला शिपाईकाकांना बसवलं. त्यांनी ती बातम्यांसारखी वाचली. ‘ससा म्हणाला की, आपण येणार नाही.’ मुलं इतकी गप्प कधी बसली नव्हती. मी चटईवर पालथी पडले. एकीनं येऊन विचारलं, ‘मावशी, तुला बरं नाही का?’

नंतर मी झाकणाचे छोटे डबे दिले. आत एकेक रंगीत बटण. उघडा आणि काय निघतं ते सांगा, एवढंच. चिमणीनं डबा गुडघ्यांत धरला, घसरला. हनुवटीखाली दाबला, घसरला. दात लावून बघितले. डावी मूठ पूर्ण वेळ मांडीवर तशीच पडून होती, तिची नसल्यासारखी. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, डबा हळूच चटईखाली सरकवला आणि मला म्हणाली, ‘माझ्यात काही नाहीये.’

पुढच्या गुरुवारी आईला बोलावून घेतलं. कामावरून अर्धी सुट्टी काढून आली बिचारी. मी सुरुवातच चुकीची केली. म्हटलं, ‘फार हुशार आहे हो तुमची मुलगी.’ ती खूश झाली. मी म्हटलं, ‘दातानं फार छान धरते.’ ती हसली. म्हणाली, ‘कार्यक्रमात वगैरे घेताय का तिला? कपडे काय लागतील?’

‘कार्यक्रम नाही. तिचा डावा हात... म्हणजे उजवा अगदी छान आहे.’

‘मग?’

‘डावा ती वापरत नाही. मूठ उघडत नाही. मला वाटतं, एकदा कुणाला तरी दाखवावं.’

तिनं मुलीकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली. ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’

‘नाही.’

‘मग गोष्टी सांगा ना तुम्ही.’

मुलीला उचलून ती निघून गेली. एक चप्पल दारातच राहिली, ती आजी घेऊन गेल्या. माझ्याकडे न बघता.

कात्रीबाई, हे शब्द माझे आहेत. चार वर्षांपूर्वी जिन्यात तू मला थांबवून म्हणाली होतीस, ‘राग मानू नकोस, पण तुझ्या लेकाची बटणं बघ. कात्री धरताना बघ. एकदा कुणाला तरी दाखव.’ आणि मी म्हटलं होतं, ‘तू डॉक्टर आहेस का?’

फरक एवढाच, की त्या आईनं अजून तरी माझी तक्रार केलेली नाही.

मी केली होती. मॅडमच्या टेबलावर आलेलं ते निनावी पत्र, ‘बालविभागातील कर्मचारी मुलांमध्ये व्यंगं शोधून पालकांना घाबरवतात’, ते मी लिहिलं होतं. खाली ‘एक पालक’ अशी सही केली होती. पालक तर मी होतेच, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात काही अर्थ उरलेला नाही. तुला नुसती समज देतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन बस बदलून जायच्या शाखेत पाठवलं. निरोपाच्या चहाला तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणालीस, ‘कुणाचं काय बिघडवलं होतं गं मी?’ आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, ‘जाऊ दे, लोकांना कळत नाही.’

त्यानंतर मी मुलाचे बटणांचे शर्टच बंद केले. नाडीचे बूट बंद केले. चिकटवहीतली चित्रं मीच कापून द्यायची. कुणाच्या काही लक्षात येऊ नये, माझ्यासुद्धा. शेवटी शाळेनं बोलावलं तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. त्या व्यायामाच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘याआधी कुणीच काही बोललं नाही?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तो शेजारीच बसला होता.

हे तुला का सांगतेय, तेही धड कळत नाही. तू माझी लायकी काढावीस म्हणून, की तू ‘असू दे’ म्हणावंस म्हणून? असू दे म्हणू नकोस. पण म्हणालीस तर मला बरं वाटेल. बघ, आहे का याला काही ताळमेळ.

आज गुरुवार. चिमणी आली नाही. वाटलं, संपलं, आता ती येणार नाही. चार वाजता वाचनालयात फोन आला. तिची आई. डॉक्टरांकडूनच बोलत होती.

‘डॉक्टर विचारतात, हे कधीपासून आहे? पहिल्यापासून की मधेच सुरू झालं? तपासण्या कोणत्या करायच्या ते त्यावर आहे म्हणतात. सासूबाई म्हणतात, आधी असं नव्हतं. मी म्हणते, असेल. मला खरंच आठवत नाहीये हो, मी रात्री साडेसातला घरी पोचते. तुमच्याकडे दर आठवड्याला यायची. तुमचे फोटोही आहेत ना?’

फोन हातात धरून मी फलकावरच्या फोटोकडे बघितलं. चौदा मुलं, चौदा दोऱ्या, प्रत्येकाचा एक हात पाठीमागे. मीच ठेवायला लावलेला.

‘फोटोत कळत नाही,’ मी म्हटलं. ‘पण पहिल्या दिवसापासून होतं. तीन महिने तरी. तीन महिन्यांत हात जास्त बिघडलेला नाही, तसाच आहे. एवढं नक्की सांगा डॉक्टरांना.’

तिनं ते मागे कुणाला तरी सांगितलं. मग पुन्हा फोनवर आली. आवाज चढलेला नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

‘पहिल्या दिवसापासून होतं, तर मग इतके दिवस तुम्ही काय बघत होतात?’

काहीही सांगता आलं असतं. चौदा मुलं असतात, मी एकटी असते.

‘ती फार हसायची हो,’ मी म्हटलं. ‘मी तेच बघत होते.’

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. मग म्हणाली, ‘घरी पण हसते,’ आणि फोन बंद झाला.

उद्या मॅडमकडे जाणार आहे. दोन गोष्टी सांगायच्यात: पत्रक मागे घ्या, आणि ते जुनं पत्र माझं होतं. आधी कुठली सांगावी ते ठरत नाही. तुझी बदली त्यांनी रद्द केली तरी तुला इथं परत यावंसं वाटेल का, माझ्या शेजारी बसून डबे भरावेसे वाटतील का, हे मी विचारत नाही. विचारायला गेले तर ते पुन्हा माझ्यासाठीच होईल.

‘तुझी’ असं लिहून दोनदा खोडलं. ते लिहायचं की नाही, हे आता तू ठरव. तोवर नुसतीच,

गोष्टवाली