वहिनींचा ‘हो’

कल्याण, मार्गशीर्ष वद्य तृतीया

आज फार थकलो आहे, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. वहिनींना ठाण्याहून, त्यांच्या माहेरून, परत आणले.

शेजारचे लोक भिंतीच्या फटींतून विषारी धूर सोडतात, असे दादांच्या मनाने घेतले होते. पुढे वहिनींनाही तोच वास येऊ लागला. दोघांनी मिळून साऱ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. अखेर वैद्यबुवा म्हणाले, “या दोघांना काही दिवस वेगळे ठेवा.” म्हणून मीच वहिनींना माहेरी पोहोचवले होते.

तिथे त्या निवळल्या. जेवू लागल्या, हसू लागल्या. इकडे दादांनी मात्र अन्न सोडले. वहिनींच्या हातचेच हवे, एवढाच हेका. मग काय करणार?

आगगाडीत मी भीत भीत विचारले, “वहिनी, तो धूर खरा होता का हो?”

“नाही, भावोजी. त्या चिंध्या मी कशा कोंबल्या असतील, माझं मलाच नवल वाटतं.”

किती बरे वाटले मला! वाटले, आता वहिनी दादांनाही समजावतील.

घरी आलो तर दादा दारातच उभे. नुसती हाडे उरली आहेत. त्यांनी आधी हेच विचारले, “तिथंही धूर आला का गं?”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हो. आला.”

दादा एकदम शांत झाले. वहिनींच्या हातचे पोटभर जेवले.

वहिनी त्यांचे मन राखायला तसे बोलल्या, की...? विचारायचे धैर्य झाले नाही. आणि दादांच्या पोटात चार घास जात असताना विचारून तरी मी काय करू?